सावडीला आलेली सून

पुस्तकात लिहिलं होतं की खुर्च्या गोल मांडाव्यात. मी मांडल्या. बायका आल्या, त्यांनी खुर्च्यांकडे बघितलं आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसून घेतलं. मी म्हटलं, खुर्च्या तुमच्यासाठीच आहेत. तर एकजण म्हणाली, "असू द्या ताई, कोणी पाव्हणं आलं तर लागतील." कोण पाहुणे येणार होते कोण जाणे. शेवटी मीही कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले आणि त्या रिकाम्या खुर्च्या खोलीच्या मधोमध थाटात उभ्या राहिल्या.

मी जालन्याचीच. कॅन्सरचे पेशंट केमोसाठी येतात अशा एका लहानशा केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. केमो म्हणजे सलाइनमधून औषध. सकाळी यायचं, दिवसभर पडून राहायचं, संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं जायचं. माझं काम या लोकांशी बोलायचं. आता सलाइन लावलेल्या माणसाशी, शेजारच्या कॉटवर दुसरा ओकत असताना काय बोलणार? म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं आमच्याकडे 'ग्रुप' सुरू करायचं ठरवलं तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. दर गुरुवारी बाजूच्या व्यायामाच्या खोलीत बायकांनी एकत्र बसायचं, मनातलं बोलायचं, एकमेकींना आधार द्यायचा. मूळ कार्यक्रम कुठल्याशा थंड देशात तयार झालेला. पुण्यात त्याचं मराठी झालं. आणि तो आपल्याकडच्या माणसांना जुळेल असा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"तुम्ही फक्त काय जुळत नाही ते सांगा," पुण्याच्या मॅडम म्हणाल्या. बाई हुशार, बोलायला गोड, आणि दर पंधरवड्याला मोबाइलच्या पडद्यावर हसतमुख उगवणार. मी सांगत सुटले. त्या सोयीचं तेवढं घेत गेल्या. मूळ पुस्तकात होतं, डोळे मिटा आणि आपण समुद्रकिनारी शांत उभे आहोत अशी कल्पना करा. मी म्हटलं, आमच्या निम्म्या बायकांनी समुद्र बघितलेला नाही. मॅडमनी समुद्र काढून शेताचा बांध घातला. मी गुरुवारी वाचून दाखवलं, "डोळे मिटा. आपण बांधावर शांत उभ्या आहोत." पिंपळगाव रेणुकाईच्या बाईनं एक डोळा उघडला. "बांधावर डोळे मिटून उभं राह्यलं तर पायाखाली काय येईल ते दिसंल का ताई?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी जाऊन वैतागले.

नावं मी सांगणार नाही, आणि आम्ही ती वापरतही नव्हतो. प्रत्येकीला तिच्या गावानं हाक. पिंपळगाव, भोकरदन, केदारखेडा. एसटीच्या स्टँडवर बसल्यासारखं वाटायचं.

बाकी सगळं मी वाकवलं असतं, पण तीन नियमांवर मॅडम हटून बसल्या होत्या. एक, दर आठवड्याला त्याच बायका यायला हव्यात. दोन, नातेवाइकांनी आत यायचं नाही. तीन, इथलं बोलणं इथंच राहील, घरी जाणार नाही. हे तिन्ही नियम मी पहिल्याच दिवशी घसा ताणून सांगितले. नातेवाईक बाहेर गेले, दार लावलं, आणि मी विचारलं, "कशाची भीती वाटते?" उत्तर आलं, "काही न्हाई. देवाच्या कृपेनं सगळं बराबर हाय." ओळीनं सगळ्यांचं हेच. केस गेलेले, तोंड आलेलं, पायातली ताकद संपलेली, आणि सगळं बराबर. मला वाटलं, या बायकांसमोर हात टेकावेत आणि आपलं कॉटवरचं बोलणंच पुन्हा सुरू करावं.

पहिली बोलली ती केदारखेड्याची.

पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, केमो चालू. माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. लहानपणी सारा मुलूख तिनं पायी तुडवलेला. आता थोडी कपाशी, चार शेळ्या, आणि मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तो मोटारसायकलनं पहाटेच निघायचा, म्हणून तिला दवाखान्यात आणायची ती सून. कडेवर वर्षाचं लेकरू, खांद्याला पिशवी, आणि दुसऱ्या हातानं सासूचं कोपर धरलेलं. सासू आत यायची, सून बाहेर कडुनिंबाखाली बसायची.

त्या दिवशी दार लागल्यावर केदारखेड्यानं विचारलं, "इथलं बोलणं इथंच राहतंय ना बिलकुल?"

"बिलकुल," मी म्हटलं.

"मंग सांगते. माझं ताट येगळं केलं."

"कोणी?"

"सुनेनं. ताट येगळं, तांब्या येगळा, अंथरूण येगळं. लेकरू माझ्याकडं झेपावतंय, तर वढून घेती. आमच्यात मेंढरू आजारी पडलं की येगळं बांधतेत. येगळं बांधलेल्या मेंढराचं पुढं काय होतंय, ते मी लई बघितलंय."

मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे विचारलं, "तुम्ही सुनेशी यावर बोललात का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "सुनेला काय इचारायचं? हात पसरून लेकरू मागू व्हय? मला बाकी काही नको ताई. जगले तर बरंच हाय. न्हाई जगले तर तेच्या आधी लेकरू मांडीवर घेऊन एका ताटात जेवायचंय. बस."

तिचा कॅन्सर नुसता गाठीपुरता नव्हता, पुढं सरकलेला होता. मला माहीत होतं, आणि ती ज्या पद्धतीनं बोलली त्यावरून तिलाही. म्हणजे हे 'तेच्या आधी' फार लांबचं नव्हतं.

तासाभरानं दार उघडलं. सून झाडाखाली लेकराला शेंगा सोलून देत होती. मी पाणी प्यायला बाहेर गेले तर उठून जवळ आली. "ताई, आत्याबाई आत बोलत्यात का? घरी तर तोंडच उघडत न्हाईत. माझ्यावर राग धरून बसल्यात. माझं काय चुकलं तेच समजंना."

मी काय सांगणार? एका वाक्याचं काम होतं. बाई, ताट वेगळं का केलंस, एवढं विचारलं की झालं. पण इथलं बोलणं इथंच. मी शब्द दिलेला, आणि त्या शब्दावर विसंबूनच तर ती बोलली होती. "बोलतात," मी म्हटलं आणि आत गेले. मग असे गुरुवारांमागून गुरुवार गेले. आत सासू झुरायची, बाहेर सून झुरायची, मधे एक दार होतं आणि दाराची राखण मला दिलेली होती. घरी मी नवऱ्यावर खेकसायला लागले. तो म्हणाला, "तुलाच एखादा ग्रुप लाव." त्यावर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

केदारखेडा बोलली आणि बाकीच्यांची तोंडंही हळूहळू उघडली. आणि मग पुस्तकात नसलेली एक भानगड सुरू झाली.

माझ्या नकळत बायकांनी आपसात ठरवून टाकलं होतं की एका गुरुवारी एकीचं ऐकायचं. आज भोकरदन बोलणार, बाकीच्यांनी बसून ऐकायचं. पुढच्या खेपेला दुसरी. आणि जिचं ऐकून झालं तिनं बाकीच्यांचं ऐकायला यायचंच. मला यात काही गैर दिसलं नाही, उलट बरंच वाटलं. मग एका गुरुवारी पिंपळगावच्या जागी वेगळीच बाई बसलेली. धडधाकट, केस जागच्या जागी, डब्यातून शेंगदाण्याचा लाडू वाटत होती.

"तुम्ही कोण?"

"मी तिची जाऊ. तिला उलट्या होऊन राह्यल्या, तिनं मला धाडलं."

"पण तुम्ही आजारी नाही."

"न्हाई," ती खुशीत म्हणाली. "मला काय झालंय?"

मी समजावून सांगितलं, हा ग्रुप पेशंटचा आहे, दुसरं कोणी बसलेलं चालत नाही. तेव्हा सगळ्याजणी माझ्यावरच उलटल्या. भोकरदनच्या बाईनं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "ताई, सावड हाय ना ही. तिचं आम्ही ऐकलं, आता आमचं ऐकायला तिच्याकडून माणूस नको का यायला?"

सावड मला माहीत नव्हती असं नाही. पेरणीला, काढणीला आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या शेतात. पैसे नाहीत, आणि खाडाही नाही. तुला ताप आला तर तुझी सून येईल, लेक येईल, पण तुझ्या घरचं माणूस सरीवर उभं राहिलंच पाहिजे. पण खुरपणीला बदली माणूस चालतं म्हणून दुःख ऐकायलाही चालतं, हे कोणाच्या डोक्यात आलं असेल? यांच्या आलं. आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटतही नव्हतं.

मी पडद्यावरच्या मॅडमना सांगितलं. त्यांचं हसू पहिल्यांदा मावळलेलं बघितलं. "अहो, मग गोपनीयतेचं काय? जावेसमोर कोण मोकळं बोलेल? ही तडजोड नको. खुर्च्या काढा, बांध घाला, हवं ते करा, पण हे नको." मला त्यांचं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. जावेनं घरी जाऊन सगळ्या पिंपळगावात दवंडी पिटली असती तर? बायकांचंही पटत होतं. जाऊ लाडू वाटून गेली आणि पुढच्या गुरुवारी पिंपळगाव आली ती भोकरदनच्या बाईला म्हणाली, "मागच्या खेपेला तू असं असं बोललीस म्हनं. माझ्या जावेला रडू आलं गं." म्हणजे ऐकलेलं बराबर पोचलेलं होतं. दोन्ही बाजूंचं पटतं अशा माणसाची जी अवस्था होते ती माझी झाली. मी दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि दोन्हीकडं चिडचिड केली.

मॅडमना वचन दिलं की यापुढं बदली माणूस बसू देणार नाही. बायकांना निक्षून सांगितलं. बायका "बरं ताई" म्हणाल्या. मराठवाड्यात "बरं ताई" चा अर्थ काय होतो ते मला कळायला हवं होतं.

केदारखेडा आपली पाळी पुढं ढकलत राहिली. त्या पहिल्या बोलण्यानंतर तिनं पुन्हा तोंड उघडलं नव्हतं. "माझं मागून ऐका," म्हणायची. शेवटी एका गुरुवारी बायकांनी ठरवूनच टाकलं, पुढच्या खेपेला केदारखेडा. पुढच्या खेपेला खोलीत सगळ्या जमल्या, केदारखेड्याची भिंतीजवळची जागा रिकामी ठेवलेली, आणि दारात उभी तिची सून. एकटीच. लेकरू घरी ठेवून आलेली.

"आत्याबाईला उठवंना झालंय," ती म्हणाली. "त्यायच्या जागी मी आल्ते."

सगळ्या जगातून हीच! मी तिला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. "तुम्ही घरी जा. त्यांच्याजवळ थांबा. आत बसता येणार नाही तुम्हाला, नियम आहे."

"त्यायनीच धाडलं, ताई. काय बोलायचं ते बी सांगून दिलंय."

"काय सांगितलंय?"

"ते तिथंच सांगायचंय. जल्दी बसू द्या, मला मागारी जायचंय, लेकरू शेजारी ठिवलंय."

आतून पिंपळगावचा आवाज आला, "ताई, अहो येऊ द्या की तिला! आज त्यांची पाळी हाय." मी दारात आडवी उभी. मॅडमना दिलेलं वचन आठवत होतं, सासूला दिलेला शब्द आठवत होता. आणि मग ध्यानात आलं की सासूनं स्वतःच निरोप दिलाय, तर मी आता कोणापासून काय राखून ठेवतेय? मी बाजूला झाले. सून चपला काढून आत गेली आणि सासूच्या जागेवर, भिंतीला टेकून बसली.

शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं तिनं सुरू केलं. मान खाली, आवाज सपाट. "आत्याबाईंनी सांगितलंय, की तिथं सांग, घरात माझं ताट येगळं झालंय. तांब्या येगळा झालाय. माझ्याशी कोणी नीट बोलत न्हाई. लेकरू माझ्याकडं झेपावलं तर वढून घेत्यात. मला येगळं बांधल्यावानी वाटतंय. मला लेकराला मांडीवर घेऊन जेवायचंय."

ती थांबली. मग आवाज बदलला. "कोण वढून घेतं, ते त्यायनी सांगितलं न्हाई. माझं नाव घेतलं न्हाई. मीच घेते."

पिंपळगावची बाई सरकून तिच्याजवळ बसली.

"सकाळी दारात उभं करून सांगितलं," सून म्हणाली. "सगळं पुन्हा म्हणून दाखव म्हन्ल्या. मी म्हणून दाखवलं. मंग म्हन्ल्या, जा, गाडी चुकंल. सगळ्या वाटंनं मी हेच घोकत आले." आणि मग ती रडायला लागली, आणि रडत रडतच तिनं सांगितलं ते ऐकून मला उठून कोणाला तरी झोडपावंसं वाटलं. "दवाखान्यातच सांगितलं होतं मला. ह्याच व्हरांड्यात. पहिल्या सलाइनच्या टायमाला. म्हन्ले, यांची ताकद कमी झाली, यांना बाहेरचं काही बाधलं तर जिवावर येईल, भांडी येगळी ठिवा, सर्दी-खोकल्याचं लेकरू जवळ देऊ नका. आमच्या लेकराचं नाक तर बारा म्हैने गळतंय. मी रोज त्यायचं ताट उकळत्या पान्यात घालून राह्यले. आधी त्यायचं, मंग आमची. माझ्या हातून त्यायला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? मला वाटलं, त्यायला ठावं हाय."

तिला कसं ठाऊक असणार? आमच्याकडं पेशंटला कोणी काही सांगत नाही. जे सांगायचं ते नातेवाइकाला, बाजूला घेऊन, व्हरांड्यात. पेशंट आत कॉटवर. म्हणजे त्या खोलीत मी पेशंटची गोष्ट नातेवाइकांपासून जपत होते, आणि व्हरांड्यात दवाखाना नातेवाइकांची गोष्ट पेशंटपासून जपत होता. सगळ्यांनी आपापलं गुपित चोख सांभाळलं. आणि मधल्या मधे एका बाईनं स्वतःला आजारी मेंढरू समजून इतके दिवस वेगळ्या ताटात जेवण केलं.

"आज घरी गेलात की पहिलं त्यांना हे सांगा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"मी कसं सांगू? मला कुठं त्या बोलल्या? त्यायनी तर तुमच्यासाठी निरोप दिला." तिनं पदरानं डोळे पुसले. "आता तुमीच सांगा त्यायला."

मी फोन काढला. आत्ताच्या आत्ता लावते, म्हटलं. तर पिंपळगावनं माझा हात धरला. "फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही? येईल की ती पुढच्या खेपेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका छपराखाली झोपणाऱ्या दोन बायका. मधे एक चूल. आणि एकीचं दुसरीला कळायला गोष्ट आधी जालन्याला यायला हवी, तिथं पाच-सहा जणींनी ऐकायला हवी, आणि मग ती परत केदारखेड्याला जायला हवी. मला ओरडावंसं वाटत होतं. पण सून मान हलवत होती, तिलाही हेच बराबर वाटत होतं, मग मी ओरडणार कोणावर? फोन पर्समध्ये टाकला.

पुढच्या खेपेला केदारखेडा आली नाही. ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, म्हणून तिला वेगळ्या खोलीत भरती केलं होतं.

ते दिवस मी फार वाईट काढले. तिला बघायला आत जाता येत नव्हतं, आणि काचेतून ताटाची गोष्ट सांगता येत नाही. ती गेली असती तर हे न कळताच गेली असती. त्या दिवशी फोन लावू दिला नाही म्हणून मी बायकांवर चिडले, मग मॅडमवर, मग व्हरांड्यावर. डॉक्टरांना गाठून विचारलं, भांडी वेगळी लागतात का हो? ते म्हणाले, "छे, वेगळी कशाला? स्वच्छ घासलेली हवीत. आणि मुलाला सर्दी नसेल तर घेऊ दे की मांडीवर, पेशी वाढल्या की." एवढं साधं. मी विचारलं, मग सांगताना असं का सांगत नाही? त्यांच्यामागं रांग होती. ते पुढच्या पेशंटकडं वळले.

ताप उतरला, पेशी वाढल्या, ती घरी गेली. पण आता जालन्याला यायची ताकद नव्हती, आणि पुढचं औषध लांबणीवर पडलं होतं. गुरुवारी पिंपळगाव म्हणाली, "तिची पाळी अर्धीच झाली. ती येईना तर आपण जाऊ." मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, घरी जाणं आपल्या चौकटीत बसत नाही, आणि सगळ्या घरादारासमोर बोलणं म्हणजे तर... मी म्हटलं, मॅडम, तुम्ही म्हणाला होतात काय जुळत नाही ते सांगा, तर सांगते, चौकट जुळत नाही. आणि फोन ठेवला. नंतर वाटलं, जरा सौम्य बोलायला हवं होतं. पण वाटलं तेवढंच.

टेम्पोनं गेलो. ज्यांच्या अंगात त्राण होतं त्या आल्या, ज्यांच्या नव्हतं त्यांनी जावा, लेकी धाडल्या. मी काही बोलले नाही. पत्र्याचं घर, पुढं अंगण, कडेला शेळ्या. केदारखेडा बाजेवर बसलेली, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, निम्मी झालेली. मी सगळ्यांना अंतर ठेवून बसायला लावलं, तोंडावर मास्क बांधायला लावले, आणि ते लगेच हनुवटीवर घसरलेले बघून गप्प बसले. सून दारात उभी होती. लेकरू कडेवर.

पिंपळगावनं सांगितलं. एरवी किती फापटपसारा लावते, पण त्या दिवशी नीट, एकामागून एक सांगितलं. दवाखान्यात काय सांगितलं होतं, कोणी ऐकलं, ताट कशासाठी वेगळं झालं. डॉक्टर आता काय म्हणतात ते मी जोडलं. केदारखेडा शेळ्यांकडं बघत ऐकत होती.

"उकळत्या पान्यात?" तिनं विचारलं.

"रोज. आधी तुझं, मंग त्यांचं," पिंपळगाव म्हणाली.

केदारखेडा शेळ्यांकडंच बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग सुनेकडं न बघता मला म्हणाली, "ताई, तिला सांगा, ताट उकळू नको म्हनावं. सरपण काय फुकट येतंय? आन् लेकराचं नाक पूस म्हनावं."

"अहो, ती इथंच उभी आहे," मी म्हटलं.

"सांगा की."

सून दोन हातांवर होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला होता. तरी ती हलली नाही, माझ्याकडं बघत थांबली. मग मी वळले आणि एवढे गुरुवार जिला काही सांगायची मला मनाई होती, तिला सांगितलं, "ताट उकळू नका. लेकराचं नाक पुसा."

तिनं पदरानं नाक पुसलं, लेकरू रडायला लागेपर्यंत रगडून पुसलं, आणि ते रडतं लेकरू सासूच्या मांडीवर ठेवलं. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात एकच ताट होतं. ती बाजेपाशी, सासूच्या अगदी जवळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, त्यायला इचारा, तोंड आलंय तर भाकर दुधात कुस्करून देऊ का."

मी विचारलं.